एका दमात पत्ता

९ जानेवारी

आजपासून दैनंदिनी. बायको म्हणाली, वॉर्डातलं सगळं मला जेवताना ऐकवण्यापेक्षा कुठेतरी लिहून ठेवत जा, म्हणजे मला चार घास सुखाने खाता येतील. ती पोहायला शिकवते. पाण्यातून बाहेर आली की तिला सपाटून भूक लागलेली असते, आणि मी नेमका तेव्हाच फुप्फुसांवर बोलायला लागतो. तिचं म्हणणं रास्त आहे.

तर लिहितो. मी छातीच्या विभागाचा प्रमुख. या हिवाळ्यात आलेला विषाणू मोठा लबाड आहे. बहुतेक जण आठवडाभर खोकतात आणि घरी जातात. काही जण मात्र दाखल होताना हसत येतात, चहा मागतात आणि तीन-चार दिवसांनी अचानक घसरतात. कोण घसरणार हे पहिल्याच दिवशी ओळखता आलं, तर त्यांना डोळ्यांसमोर ठेवता येईल. गेल्या महिन्याचे सगळे केसपेपर उपसून मी काही खुणा काढल्या आहेत: वय, श्वासाचा वेग, बोटाच्या चिमट्यावर दिसणारा ऑक्सिजन, रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी, गुंगी. प्रत्येकीला गुण. बेरीज आठ किंवा वर गेली की धोका.

शेवटची खूण माझ्या स्वतःच्या डोक्यातली, आणि तिचं मला जरा जास्तच कौतुक आहे. रोग्याला घरचा पूर्ण पत्ता विचारायचा. एका दमात सांगितला तर शून्य, मध्येच श्वासासाठी थांबला तर एक गुण. पत्ता ज्याला त्याला पाठ असतो, आठवावा लागत नाही. तेव्हा जो थांबतो तो दमापायीच थांबतो.

आईला फोनवर हे सांगितलं. ती नदीपलीकडे एकटी राहते. सारी नोकरी टेलिफोन ऑपरेटर म्हणून केली. लोकांच्या लायनी जोडताना स्वतः गप्प बसावं लागायचं, त्याचं उट्टं निवृत्तीपासून काढते आहे. तिने तिथल्या तिथे स्वतःचा, माझा आणि आमच्या जुन्या घराचा असे तीन पत्ते एका श्वासात म्हणून दाखवले आणि विचारलं, “पास की नापास?”

१४ जानेवारी

स्कोअर वॉर्डात चालू झाला. कर्मचारी त्याला ‘मार्क’ म्हणतात आणि आता रोगीही म्हणू लागले. जास्त मार्क पडले म्हणून घाम फुटावा, अशी परीक्षा आयुष्यात पहिल्यांदाच देतोय, असं एक निवृत्त ड्रायव्हर म्हणाला. त्याला नऊ पडले होते. आठ आणि वरचे सगळे आम्ही सिस्टरांच्या मेजाजवळच्या खाटांवर घेतो आणि जरा दम वाढला की वरच्या मजल्यावर हलवतो. तिथे जोराने ऑक्सिजन देणारी यंत्रं आहेत. मोठ्या सिस्टर कंबर कसून कामाला लागल्या आहेत. त्या वॉर्डात नसतील तर मला हातमोज्यांचा खोकासुद्धा सापडत नाही.

आईचा फोन. शेजारणीच्या मुलाचं मोडलेलं लग्न, ते का मोडलं, मुळात ते का ठरलं. मी ऐकता ऐकता आठवड्याचा तक्ता पुरा केला.

१८ जानेवारी

ड्रायव्हर आज घरी गेला. चार दिवस वर होता, आता चक्क चालत गेला. जाताना म्हणाला, “साहेब, तुमच्या परीक्षेत मी नापास झालो.” सगळे हसले, मीही हसलो. खरं लिहायचं तर थोडा हिरमोड झाला. नऊ गुणांचा माणूस जगला म्हणजे स्कोअर तेवढा चुकला. असे आणखी काही आहेत. अहवालात त्यांना ‘सुरुवातीचे अपवाद’ म्हणून बाजूला काढलं, कारण तेव्हा आमची घडी बसलेली नव्हती. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, “माणूस जगला आणि तुझं तोंड का पडलंय?” तिला शास्त्रातलं ओ की ठो कळत नाही.

आईला सर्दी झाली आहे. काळजीचं काही नाही म्हणाली आणि चक्क लवकर फोन ठेवला.

२२ जानेवारी

रोग्यांची रीघ संपत नाही. वरची यंत्रं भरली. आज अधीक्षकांनी बैठक बोलावली. ते पूर्वी शल्यचिकित्सक होते, आता फक्त बैठका कापतात. म्हणाले, यंत्रं कोणाला द्यायची ते ठरवायलाच हवं, आणि जो जास्त ओरडेल त्याला, असं ठरवणं चांगलं नाही. तुमच्याकडे तयार मोजपट्टी आहे. सहा-सात गुणांवाल्यांना यंत्राचा फायदा होईल. आठ आणि वरचे तसेही राहत नाहीत. त्यांना साधा मास्क द्या, त्रास होणार नाही असं बघा.

मी म्हणालो, स्कोअर त्यासाठी केलेला नाही. ते म्हणाले, मग यापेक्षा बरं काही सांगा. माझ्याकडे नव्हतं. तात्पुरतं आहे, म्हणाले. आठवाल्यांसाठी कॉरिडॉरच्या टोकाची खोली रिकामी केली. पूर्वी तिथे व्यायामाची सायकल आणि वजनं होती. मेजापासून लांब पडते, पण शांत आहे.

आईशी फोनवर दोनच मिनिटं बोलणं झालं. मी बोललो, ती हुं हुं करत राहिली. सत्तरी ओलांडल्यावर का होईना, बाई ऐकून घ्यायला शिकली.

२५ जानेवारी

स्कोअर आता कमालीचा अचूक निघतो आहे. या आठवड्यात आठ आणि वरचा एकही रोगी वाचला नाही. सात आणि खालचे जवळजवळ सगळे सुधारताहेत. सुरुवातीच्या दिवसांत इतका गोंधळ होता, तो आता पार निवळला. अधीक्षकांनी पाठ थोपटली आणि म्हणाले, इतर रुग्णालयंही मागताहेत, अहवाल लवकर नीट करा. मोठ्या सिस्टरांना हे सांगायला गेलो. त्या टोकाच्या खोलीतून येत होत्या. बरं, म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या. आधी दर सकाळी त्या मला स्वतःहून मार्क सांगायच्या, आता विचारल्याशिवाय सांगत नाहीत. थकल्या असतील.

आईच्या भागातली लाइन बिघडली आहे. मधेमधे आवाज तुटतो. “आज... जरा... झोपते,” एवढं तीन तुकड्यांत ऐकू आलं. मी म्हणालो, जन्मभर टेलिफोनची सेवा केलीस आणि तुझीच लाइन अशी? ती हसली, मग खोकली, मग फोन ठेवला.

२८ जानेवारी

अहवालात बुडालो आहे. बायको म्हणाली, आई थांबून थांबून बोलतात. मी म्हणालो, लाइन खराब आहे. ती म्हणाली, थांबायच्या आधी श्वास ऐकू येतो, लाइन श्वास घेत नाही. तिला पाण्याबाहेरही सगळीकडे श्वासच दिसतात. मी तक्रार नोंदवतो म्हणालो. आज राहून गेलं.

३० जानेवारी

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

सकाळी बायकोचा फोन आला. ती आईकडे गेली होती. म्हणाली, “लाइन चांगली आहे. आई चांगल्या नाहीत.”

आई स्वयंपाकघरात टेबलाला दोन्ही हात टेकून बसली होती म्हणे. तशी बसलेली माणसं मी दारातून ओळखतो, विद्यार्थ्यांना ओळखायला शिकवतो. आणि माझी आई पाच-सहा दिवस फोनवर माझीच परीक्षा देत होती, एकेक शब्द तोडून, आणि मी टेलिफोन खात्याला नावं ठेवत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

दाखल करण्याच्या दालनात खुर्च्यांची रांग होती. आईशेजारी तिच्याच वयाची एक बाई बसली होती, बेकरीवाली. पिठाने भरलेला एप्रन तसाच होता, तिला दुकानातूनच आणलं होतं. दोघींनी एकच ब्लँकेट गुडघ्यांवर घेतलं होतं आणि चिमटे लावलेली बोटं त्यावर ठेवली होती. दोघींचा ऑक्सिजन सारखा, श्वासाचा वेग सारखा, रक्तही थोड्याफार फरकाने सारखंच. पत्त्याआधी दोघींचे सात झाले होते.

मी आधी बेकरीवालीला पत्ता विचारला. तिने नीट सांगितला, पाहुणा येणार असल्यासारखा सगळ्या खुणांसकट, पण मध्ये तीनदा थांबली. मी एक गुण लिहिला. आठ.

मग आईला विचारलं. तिने घराचा नंबर सांगितला आणि थांबली. गल्ली सांगितली आणि थांबली. माझ्याकडे बघून तिने हात जरासा वर केला, मिनिटभर लाइन धरून ठेवा म्हणताना ऑपरेटर करतात तसा. मग उरलेला सांगितला.

मी शून्य लिहिलं.

मोठ्या सिस्टर माझ्या बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, सात असं मोठ्याने वाचलं आणि आईची खुर्ची लिफ्टकडे वळवली. ब्लँकेट बेकरीवालीकडे राहिलं. आई वळून तिला काहीतरी म्हणत होती, पण तिला ते एका दमात म्हणता येईना आणि लिफ्टचं दार लागलं.

१ फेब्रुवारी

आई वर यंत्रावर आहे. नाकात जाड नळ्या, जोराचा वारा, त्या आवाजात काही ऐकू येत नाही. डोळे मिटून पडली आहे. काल दुपारी इतकी घसरली की वरच्या डॉक्टरने मला बाहेर बोलावून हळू आवाजात बोलायला सुरुवात केली. माझा स्कोअर मला पाठ आहे. आठ म्हणजे काय हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. मी तिच्या खाटेजवळ बसून स्वतःच्याच अहवालाला खोटं पाड म्हणून विनवत होतो.

टोकाच्या खोलीकडे गेलो नाही. वेळच झाला नाही असं लिहिणार होतो. वेळ होता.

४ फेब्रुवारी

आई आज डोळे उघडून माझ्याकडे बघून चिडली. चिडली म्हणजे सुधारते आहे. वारा कमी केला. वरचा डॉक्टर म्हणाला, तुमचा स्कोअर पुन्हा बरोबर निघाला सर, सात होते ना, वाचणारच होत्या.

खाली आलो तर मोठ्या सिस्टर भेटल्या. “बेकरीवाल्या बाई गेल्या,” म्हणाल्या. “मुलगी पोचायच्या आत.” त्यांनी बाईंचा एप्रन घडी करून पिशवीत घातला. घडी करताना पीठ उडालं, ते त्यांनी ओल्या फडक्याने पुसून घेतलं.

म्हणजे स्कोअर तिथेही बरोबर निघाला.

६ फेब्रुवारी

डोक्यातून जात नाही. खोटं मांडतो का ते बघण्यासाठी लिहून काढतो. दोघी आठच्या होत्या. एक वर गेली, ती जगली. एक टोकाच्या खोलीत गेली, ती मेली. आठवाले मरणार असं मी म्हणालो, म्हणून त्यांना वर नेलं नाही. वर नेलं नाही म्हणून ते मेले. ते मेले म्हणून माझं म्हणणं खरं ठरलं. आणि मी पंचवीस तारखेला पाठ थोपटून घेत होतो.

दोन बायकांवरून काही सिद्ध होत नाही, असं मी विद्यार्थ्याला ऐकवलं असतं. बेकरीवाली वर गेली असती तरी कदाचित मेली असती. कदाचित. बायकोने आज ताट समोर ठेवलं आणि म्हणाली, आज वॉर्डातलं ऐकवायचं असेल तर ऐकव. मी मीठ मागितलं.

१० फेब्रुवारी

अधीक्षकांकडे गेलो. म्हणालो, टोकाची खोली बंद करू या, आठवाल्यांनाही वर न्यायला हवं, त्यांच्यातले काही जगू शकतात. ते शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी माझाच अहवाल उघडून माझ्याकडे फिरवला.

“एक उदाहरण द्या. आठ किंवा वरचा एक माणूस दाखवा, जो जगला.”

ड्रायव्हर, मी म्हणालो. नऊ गुण. ते म्हणाले, त्याला तुम्हीच अपवाद म्हणून बाहेर काढलंत, खाली सही तुमची आहे. आणि बावीस तारखेनंतरचा एक?

आई जिभेवर आली होती. पण आई कागदावर सात आहे. तिला आठ करायचं तर सांगावं लागेल की त्या सकाळी मी काय लिहिलं. मग नोकरी जाईल, ते एक. दुसरं म्हणजे बेकरीवालीची मुलगी विचारेल, माझ्या आईचं शून्य का नाही लिहिलंत. पहिल्याची भीती वाटली असं मी इथे लिहू शकतो. दुसऱ्याची किती वाटली ते लिहितासुद्धा येत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवून मी परत आलो.

अधीक्षक दारापर्यंत सोडायला आले. आई कशा आहेत, विचारलं. बऱ्या आहेत म्हणालो. “बघा,” ते म्हणाले, “तुमची मोजपट्टी तुमच्याच घरी उपयोगी पडली.” मनापासून म्हणाले ते, त्यात खोच नव्हती.

१६ फेब्रुवारी

अहवाल इतर रुग्णालयांना गेला. मी थांबवू शकलो असतो. सोमवारी सांगू, मंगळवारी सांगू असं करत आठवडा गेला. आता सांगितलं तर इतके दिवस गप्प का, हेही सांगावं लागेल. खड्डा रोज थोडा खोल होतो, आणि तो मीच खणतो आहे. आज टोकाच्या खोलीत आणखी दोन खाटा घातल्या.

आईला आमच्या घरी आणलं. लिफ्ट नसल्यामुळे बायको तिला जिन्यावर श्वास मोजायला शिकवत, प्रत्येक पायरीला थांबवत वर घेऊन आली. आल्या आल्या आईने फोन मागितला आणि शेजारणीला लावला. लग्न पुन्हा जुळलंय म्हणे.

२१ फेब्रुवारी

सकाळी दुसऱ्या शहरातल्या एका डॉक्टरचा फोन आला. तरुण आवाज होता, खूश होता. म्हणाला, सर, तुमचा स्कोअर पंधरवड्यापूर्वीच आमच्याकडे पोचला होता, तुमच्या अधीक्षकांनी कच्चा मसुदा पाठवला होता. आम्हीही आठवाल्यांची खोली वेगळी केली. तंतोतंत बसतोय सर. आठ आणि वरचा एकही राहिला नाही. मी म्हणालो, ऐका. तो म्हणाला, बोला ना सर. मी म्हणालो, काळजी घ्या.

आई समोरच बसली होती. आता तिला बोलताना थांबावं लागत नाही. तिने विचारलं, माझ्या शेजारी बसली होती ती बाई कुठे आहे? गेल्या आठवड्यात विचारलं तेव्हा मी, दुसरीकडे हलवलं, असं म्हणालो होतो. आजही तेच म्हणालो.

“मी जन्मभर लायनी जोडल्या,” आई म्हणाली. “चुकीच्याही जोडल्या. पण कोणाची कुठे जोडली ते मला माहीत असायचं. तू तिची कुठे जोडलीस?”

मी म्हणालो, आई, शेकडो रोगी असतात.

“मला तिच्याकडे जायचंय. तिचं ब्लँकेट होतं ते, घरून आणलेलं, अर्धं मला दिलं. पत्ता मला माहीत आहे, तुझ्यासमोरच तर सांगितला तिने.” आणि तिने म्हणून दाखवला: पाण्याच्या टाकीमागची गल्ली, डाव्या हाताचं तिसरं दार, खाली बेकरी, जिना बाहेरून आहे, दुसरा मजला, निळा दरवाजा, घंटी बिघडली आहे तेव्हा कडी वाजवा, आणि जोरात वाजवा, भट्टीच्या आवाजात ऐकू येत नाही.

सगळा एका दमात. मग माझ्याकडे बघून विचारलं, “पास की नापास?”

पास, मी म्हणालो. माझा आवाज मध्येच तुटला. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. जन्मभर नुसत्या आवाजावरून पलीकडचा माणूस ओळखलेली बाई ती. मग विचारलं, “आणि तिला किती पडले होते?”

आठ, म्हणालो.

“आणि मला?”

मी तिचं बोट घेऊन चिमटा लावला, आणि तिने परत विचारलं नाही. खुर्ची खिडकीकडे वळवून बसली. दुपारी शेजारणीचा फोन आला, तो घेतला नाही. बायकोने जेवायला बोलावलं तेव्हा मानेनेच नको म्हणाली. आता संध्याकाळ होत आली, अजून एक शब्द बोललेली नाही. ऑक्सिजन ठीक आहे. श्वासही ठीक आहे, मी दोनदा मोजला.